बेड, अप्पा

सात रस्ता, सोलापूर
९ नोव्हेंबर २०२४

अण्णा,

वर 'तीर्थरूप' लिहायची पद्धत आहे. ती पाळण्याइतकं माझं डोकं अजून थंड झालेलं नाही, म्हणून नुसतं अण्णा. माझा नंबर तू ब्लॉक केलास. पोस्टमनला ब्लॉक करता येत नाही. कन्नड आपल्याला बोलता येतं, लिहिता येत नाही, म्हणून मराठीत लिहिते. तसंही पुण्याला गेल्यापासून तुला तीच सोयीची वाटते.

कपाळाला टाके पडले असं प्रभावहिनी म्हणाल्या. पडणारच. डबा स्टीलचा होता आणि मी दोन्ही हातांनी घातला होता. माफी मागणार नाही. शेंगाचटणी तुझ्या डोळ्यांत गेली, त्याचं मात्र थोडं वाईट वाटलं, कारण ती मी आपल्या धाकट्या विरूसाठी कुटली होती आणि सगळी तुझ्या शर्टावर गेली.

अव्वा गेली, घराला आई उरली नाही, आणि पाठोपाठ माझं पोटाचं ऑपरेशन निघालं. "तू बरी होईस्तोवर विरूला पुण्याला नेतो," म्हणालास. मला वाटलं, चला, थोरला भाऊ थोरल्यासारखा वागला. फोन केला की तू म्हणायचास, झोपलाय. सकाळी झोपलाय, दुपारी झोपलाय. तेहेतीस वर्षांचा गडी इतका झोपतो कसा, हे विचारायला हवं होतं. तो पुण्याला नव्हताच. इथंच, सोलापूरच्या बाहेर माळावर, एका संस्थेत होता, आणि मी इकडं टाके सांभाळत पडून होते. वहिनींच्या तोंडून तुझं बिंग त्या दिवशी भीतीने फुटलं. "विरूभावजींनी तिथल्या माणसाचं बोट चावून तोडलंय, हे निघालेत तिकडं, तुम्हीही जा." म्हणून मी डबा घेऊन पोचले आणि तू पण तेव्हाच गाडीतून उतरलास.

आत काय होतं ते तू पाहिलंस, पण तू लगेच भिंतीकडे बघायला लागलास, म्हणून सांगते. लोखंडी खाट. तिच्या चारी पायांना चादरीच्या काठाच्या पट्ट्या. मनगटाची साल निघालेली, खाली पू. पाठीवर पाइपचे वळ, जुने काळे आणि नवे लाल. डोकं भादरलेलं, आणि मागच्या बाजूला भिंतीवर आपटून आपटून कवटीवर आलेली खपली. बोट तोडल्याबद्दल त्याला तिथल्या सगळ्यांनी मिळून तुडवला होता. डावा डोळा उघडत नव्हता. आणि तो एकच बोलत होता, "बेड अप्पा, बेड."

मॅनेजर म्हणाला, "बघा, हे असं सारखं बेड मागतात. मागतात म्हणून बेडवर ठेवतो. ठेवलं की आणखीच पिसाळतात." आणि तू, अण्णा, मान डोलावलीस. "हो, सारखा मागतो म्हणे," म्हणालास. म्हणून डबा घातला.

मॅनेजर मराठी माणूस, त्याला बेड म्हणजे खाट. तुला ठाऊक आहे आपल्यात बेड म्हणजे काय. बेड म्हणजे नको. शेवटी बारीकसा 'अ' असतो, पण जिवाच्या आकांताने ओरडणाऱ्या माणसाचा 'अ' कुणाला ऐकू येणार? पोरगं नको नको म्हणत होतं आणि ते त्याला खाटेला बांधत होते. ते आणखी जोरात नको म्हणालं की हे आणखी करकचून बांधत होते.

त्याला मी घरी आणलंय. तू परत नेणार नाहीस. माझं तोंड सुजलंय ते वहिनींनी व्हिडिओवर पाहिलं. न्हाणीत घसरले, दात गेला. बाकी काही नाही.

शिवलीला


२८ नोव्हेंबर २०२४

अण्णा,

पत्राला उत्तर म्हणून वकिलाची नोटीस पाठवलीस. छान. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच.

कलेक्टर कचेरीतल्या समितीपुढे विरूचं पालकत्व तू मागितलं आहेस. मिळालं की त्याला पुन्हा 'योग्य संस्थेत' ठेवणार. नोटिशीत लिहिलंय, "सदर इसम तिसऱ्या पातळीचा, म्हणजे अत्यंत धोकादायक स्वमग्न असून त्यास कोणतेही आकलन नाही." ही ओळ मी इतक्यांदा वाचली की शिवताना कॉलरच्या जागी बाही लावून बसले.

हा कागद घेऊन वैदेही मॅडमकडे गेले. त्या अशाच मुलांच्या डॉक्टर आहेत, मोठ्यांनाही बघतात. त्यांनी आधी विरूला बघितलं, मग नोटीस. नोटीस वाचून चष्मा काढून ठेवला. मी म्हटलं, "मॅडम, मला मापं समजतात. मापाच्या भाषेत सांगा."

त्यांनी विचारलं, लहानपणी कागदावर काय होतं? लहानपणी 'मतिमंद' लिहिलं होतं, तुला आठवत असेल, शाळेने परत पाठवलं तेव्हाचं. मग बापाच्या जिवाने अप्पांनी पुण्याला नेलं, तिथल्या डॉक्टरने इंग्रजीत लांबलचक लिहून दिलं, ज्याचा अर्थ एवढाच की आमच्या कुठल्याच खणात हा नीट बसत नाही. तेव्हा खण वेगवेगळे होते म्हणे. चांगलं बोलणारा, हुशार, पण माणसांत अवघडणारा असला की त्याचं नाव ॲस्पर्जर. न बोलणाऱ्याचं नाव नुसतं ऑटिझम. मधल्यांचं आणखी तिसरं. आता सगळ्या भिंती पाडून एकच मोठी खोली केली आहे, आणि त्या खोलीत कुणाला किती हात द्यावा लागतो त्याला पातळी म्हणतात. एक म्हणजे थोडा, दोन म्हणजे बराच, तीन म्हणजे पुष्कळ. आणि तेही दोन जागी वेगळं मोजायचं. बोलण्या-मिसळण्याचं एक, सवयींचं आणि बदल सोसण्याचं दुसरं. एकात तीन असलेला दुसऱ्यात दोन असू शकतो.

"म्हणजे नंबर किती मदत लागते त्याचा," मी म्हटलं, "किती मारतो त्याचा नव्हे."

"अगदी. मारण्याला पातळीच नाही," त्या म्हणाल्या.

मी रोज शाळेचे गणवेश शिवते, अण्णा. अठ्ठावीस, तीस, बत्तीस. नंबर शर्टाचा असतो, पोराचा नसतो. आणि बत्तीसच्याच शर्टात एकाच्या बाह्या लोंबतात, दुसऱ्याचं पोट मावत नाही. हे तुझ्या वकिलाला सांग.

आणि ऑटिझमला दिलेला 'स्वमग्न' हा शब्द. स्वतःत मग्न. कुणी काढला कोण जाणे. विरूला स्वतःत मग्न व्हायला मिळालं असतं तर सोनं झालं असतं. त्याला शेजारच्या गल्लीतल्या कुकरची शिट्टी कानात सुई घातल्यासारखी लागते. शर्टाच्या मानेवरचं लेबल त्याला जाळतं, ते मी उसवून टाकते. ट्यूबलाइटची घरघर मला ऐकू येत नाही, त्याला येते. सगळं जग एकदम अंगावर येतं म्हणून तो हात फडफडवतो, डोलतो, एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करतो. माझी बटणं घेऊन स्टीलच्या ताटलीत एकेक टाकतो आणि आवाजावरून वेगळी करतो. मला डोळ्यांनी न कळणारी भेसळ त्याने दोनदा पकडून दिली आहे.

'आकलन नाही' म्हणतोस. तो 'मी' म्हणत नाही, एवढंच. लोक त्याला जसं विचारतात तसंच तो परत सांगतो. "तुला भूक लागली का?" असं आपण विचारतो, म्हणून त्याला भूक लागली की तो म्हणतो, "तुला भूक लागली." याला मॅडमच्या शास्त्रात नाव आहे. आपण घरात त्याला विरूचं बोलणं म्हणायचो आणि आपल्याला सगळं कळायचं. तुलाही कळायचं.

अप्पांबद्दलही मी विचारलं. ताटात वाटीची जागा बदलली तर उठून जाणारे, एक शब्द वाकडा उच्चारलेला न चालणारे आपले अप्पा. मी म्हटलं, आज त्यांना इथं आणलं असतं तर त्यांनाही कागद मिळाला असता, म्हणूनच ते पट्ट्याने मारत असतील. मॅडमनी मला तिथंच अडवलं. "शब्दाचा अट्टाहास हे लक्षण असू शकतं. पट्टा हे लक्षण नव्हे. तो त्या माणसाचा स्वभाव, आणि तेव्हा त्याला कुणी अडवलं नाही हा तुमचा काळ." मी नोटिशीची घडी घातली आणि उठले.

शिवलीला


२२ डिसेंबर २०२४

अण्णा,

बोट तुटलेल्या माणसाला भेटून आले. जोतीराम त्याचं नाव. संस्थेने त्याला काढून टाकलं, आता घरी बसून आहे. मी त्याला मारायलाच गेले होते, खोटं कशाला बोलू. पायातली चप्पल दारातच हातात घेतली होती.

त्याने दार उघडलं आणि मी दोन ठेवून दिल्या. एक गालावर, एक कानावर. त्याने हात वर केला नाही. फडक्यात गुंडाळलेला पंजा पोटाशी धरून उभा राहिला. त्याची बायको आतून धावत आली आणि तिने माझे केस धरले. मी तिला ढकललं, तिचा खांदा चौकटीला लागला. मग जोतीरामच म्हणाला, "ऱ्हाऊ द्या. तिचा भाऊ हाय. पानी दे तिला."

पाणी प्यायले. विचारलं, का बांधायचास?

"आता काय सांगू बाई? त्यो दिसभर 'बेड अप्पा, बेड अप्पा' करायचा. मला वाटलं, मला अप्पा म्हनतुय. म्हातारा मानूस बगून मान देतुय. बरं वाटायचं वं. आमच्या घरात कुनी मला अहो म्हनत न्हाय. मी म्हनायचो, चल बाबा, बेड पायजे न्हवं, चल. न्हेऊन निजवायचो. मग लईच वरडायचा, डोस्कं आपटायचा. डोस्कं फुटू नाय म्हनून बांधायचो. बांदलं की चावायचा. चावला की…" त्याने फडक्यातला पंजा मांडीवर घेतला. "चावला की मी बी मानूस हाय की. पाइप घेतला मी. व्हय, घेतला."

मी सांगितलं, बेड म्हणजे आमच्यात काय.

अण्णा, त्या माणसाचं तोंड बघायला तू हवा होतास. तो खाली बसला. मग चांगल्या हाताने स्वतःच्याच तोंडात मारायला लागला, एक, दोन, नुसता आवाज येत राहिला. त्याच्या बायकोने आणि मी मिळून तो हात धरला. त्याच्या बायकोचा खांदा दुखत होता, तरी तिने धरला.

"एक डाव कुनीतरी सांगायचं की," तो म्हणाला. "त्याच्या भावाला फोन लावला हुता मी सायबाच्या फोनवरनं. कानाला लावून आइकवलं की हा कसा वरडतुय. त्यो भाऊ काय बोललाच न्हाय. ठिवला फोन."

तो भाऊ म्हणजे तू.

जोतीरामला कन्नड येत नव्हतं. तुझं काय? मला ह्याचं उत्तर हवंय, आणि ते वकिलाकडून नको.

शिवलीला


१८ जानेवारी २०२५

अण्णा,

तुझ्या वकिलाने दुसरी पुरवणी जोडली. त्यात माझ्या दाताचा उल्लेख आहे. वहिनींना मी न्हाणी सांगितली होती, त्यांचा विश्वास बसला नसणार. बरं, लपवून काय उपयोग. हो, दात विरूनेच पाडला. घरी आणल्यावर पहिल्या आठवड्यात शेजारच्या लग्नाची डीजे लावलेली वरात दारावरून गेली. भांडी मांडणीवर थरथरत होती. त्याने आधी स्वतःला मारलं, कानांवर, मुठींनी. मी हात धरायला गेले आणि त्याचं डोकं माझ्या तोंडावर आलं. हात धरायचे नसतात, हे मला मॅडमनी नंतर शिकवलं. आता मी दिवा बंद करते, त्याच्या अंगावर चार चादरी टाकते आणि लांब बसते.

परवा गड्ड्याच्या जत्रेचं दारूकाम झालं. मी आधीपासून तयारी केली होती. खिडक्यांना गाद्या लावल्या, कानांवर घालायचं, आवाज अडवणारं मोठं यंत्र आणलं. तरी पहिला बार झाला आणि त्याने भिंतीला डोकं घातलं. जुनी खपली फुटली. रक्त भिंतीवरून ओघळत होतं. मी उशी मध्ये धरली, तर माझी करंगळी उशी आणि भिंत यांच्यामध्ये सापडली आणि मोडली. हेही लिहून घे, तिसरी पुरवणी जोड.

पण त्या गोंधळात मला एक गोष्ट ऐकू आली आणि ती तुझी आहे.

तो ओरडत होता, "बेड अप्पा, बेड. तप्पाय्तु." चुकलो, चुकलो. इतके दिवस तो ते अव्वाकडून शिकला असं मी धरून चालले होते. मग करंगळीला बर्फ लावून बसले असताना एकदम लक्षात आलं. अव्वा जन्मात कधी 'बेड' म्हणाली नाही. आपण कुणीच म्हणत नाही. आपल्याकडे सगळे 'ब्याड' म्हणतात. चहा ब्याड, भाकरी ब्याड, हे लग्न ब्याड. 'बेड' हे मठात पुराण सांगणाऱ्या अप्पांचं शुद्ध कन्नड. आणि ते आपल्या घरात एकाच वेळी लागायचं. तू मार खाताना 'ब्याड' म्हणालास की अप्पा हात थांबवायचे, "नीट म्हण" म्हणायचे. तू नीट म्हणायचास, "बेड अप्पा, बेड." मग पुढचा पट्टा.

विरूला हात लावायचा नाही असं अप्पांनी ठरवलं होतं. तो शिवाचा प्रसाद. मग त्याने समई पाडली की पट्टा तुला, तुझं लक्ष कुठं होतं म्हणून. तो उघड्या दारातून निघून गेला की पट्टा तुला. अपराध त्याचा आणि पाठ तुझी. तू तेरा-चौदा वर्षांचा असशील. विरू कोपऱ्यात बसून डोलत असायचा. आपल्याला वाटायचं, त्याला काय कळतंय.

चार वर्षांचा होईपर्यंत तो एक शब्द बोलला नव्हता. मग एक दिवस बोलला. अव्वाने आळीभर साखर वाटली. कुठला शब्द बोलला, हे साखर खाणाऱ्यांपैकी कुणी विचारलं नाही.

त्याचा पहिला शब्द तुझा आहे, अण्णा. आवाजसुद्धा तुझाच आहे, तेव्हाचा, फुटायच्या आधीचा. मॅडम म्हणतात, अशी मुलं वाक्य अख्खं उचलून ठेवतात, ज्या प्रसंगी ऐकलं तो प्रसंग आला की तेच बाहेर काढतात. पोपटपंची नव्हे ती. त्याला दुखलं की कुठलं वाक्य बोलायचं, हे त्याला बरोबर माहीत होतं. ते तो तुझ्याकडून शिकला.

आता मला कळलं तू फोन का ठेवलास. तुला कन्नड येत नव्हतं म्हणून नाही. तरीही मी तुला माफ केलेलं नाही.

शिवलीला


१० फेब्रुवारी २०२५

अण्णा,

सुनावणीची तारीख आली. तू येणार आहेस म्हणे.

एकच सांगायचं आहे. तिथं विरू काही बोलला आणि साहेबांनी विचारलं, हा काय म्हणतो, तर मी तोंड उघडणार नाही. मी सांगितलं तर बहिणीने आपल्या बाजूने फिरवलं असं होईल. सांगायचं असेल तर तू सांग, नसेल तर त्याला खुशाल घेऊन जा. माझ्या सगळ्या कागदांपेक्षा मी या एका गोष्टीवर विसंबून आहे. वैदेही मॅडम म्हणाल्या, हा वेडेपणा आहे. असेल.

शिवलीला


५ मार्च २०२५

अण्णा,

तू जिना उतरून गेलास त्यानंतरचं तुला सांगायचं आहे. पण आधीचंही लिहिते, कारण त्या वेळी मी विरूकडे बघत होते, तुझ्याकडे नाही. कानांनी ऐकलं तेवढं लिहिते. चुकलं असेल तर कळव.

समितीच्या बाईसाहेब भल्या होत्या. तुला विचारलं, यांना समजतं का? तू म्हणालास, "काही कळत नाही मॅडम. लहानपणी ऐकलेलं बडबडतो. कन्नडमधलं काहीतरी असेल, मला आता कन्नड येत नाही." मी खुर्चीचा हात इतका घट्ट धरला की मोडलेली करंगळी पुन्हा ठणकायला लागली, पण गप्प राहिले.

विरूने खिशातून बटणं काढली आणि टेबलाच्या काचेवर टाकायला लागला. टक, टक. तुझा वकील बोलत होता, त्याचं वाक्य अडखळलं. आणि तू भडकलास. भडकलास आणि ओरडलास, "नेट्टगे कूतुको." नीट बस. शुद्ध, मठातल्यासारखं, अप्पांच्या आवाजात. ज्याला कन्नड येत नाही त्याच्या तोंडून.

विरू खुर्चीवरून खाली घसरला. दोन्ही हात डोक्यावर, गुडघे छातीशी, आणि कपाळ टेबलाच्या पायावर. एकदा, दोनदा. "बेड अप्पा, बेड. तप्पाय्तु. बेड अप्पा."

बाईसाहेब उठल्या. "बेड मागतायत का ते? बाहेर बाकडं आहे, जरा आडवं करा त्यांना." माणसाचं काळीज चांगलं असलं तरी कान आपल्या भाषेचेच असतात. शिपायाने विरूच्या बगलेत हात घातला. पुढच्या क्षणी त्याचा चष्मा जमिनीवर होता आणि नाकातून रक्त. आणखी दोघे धावले. एकाने मान धरली, एकाने पाय. विरूचा आवाज चिरत चिरत तेरा वर्षांच्या पोराचा झाला. मी तुला शब्द दिला नसता तर मी त्या तिघांना खुर्चीने झोडपलं असतं.

तेव्हा तू म्हणालास, "सोडा त्याला. नको म्हणतोय तो."

"कशाला नको?" बाईसाहेबांनी विचारलं.

"माराला." मग तुझा आवाज आला, पण तो तुझा वाटत नव्हता. "तो नाही, मॅडम. मी म्हणतोय."

त्यांना कळलं नसणार. त्यांनी पुन्हा विचारलं. तू पुन्हा म्हणालास, "नको. मी म्हणतोय." आणि सही करून जिना उतरलास.

आता नंतरचं. त्यांनी सोडल्यावर विरू टेबलाखालीच राहिला. मी दिवा बंद करायला सांगितला. बाईसाहेबांनी पंखाही बंद करवला आणि सगळ्यांना बाहेर काढलं. शिपाई नाकाला रुमाल लावून स्वतःच विरूची बटणं गोळा करत होता. पालकत्व माझ्या नावाने झालं, तुझ्या संमतीवर.

त्यानंतर दोन आठवडे तो काही बोलला नाही. मनगटं चावत होता, मी तेल लावत होते. काल सकाळी मी पोहे केले. चटणीत कुटलेले शेंगदाणे त्याला चालतात, पोह्यांतले अख्खे आवडत नाहीत, हे मी विसरले. त्याने ताटली सरकवली. मला वाटलं, आता भिंतीवर जाणार. मी उशी शोधायला लागले.

तो म्हणाला, "नको. मी म्हणतोय."

अण्णा, त्याने जन्मात 'मी' म्हटलं नव्हतं. मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, फार अर्थ काढू नका, ऐकलेलं वाक्य आहे, आधीसारखंच. मी म्हटलं, असेना. आता ते मराठीत आहे. या गावात कुणीही ऐकलं तरी त्याला आता खाटेला बांधणार नाही.

मी अजून तुला माफ केलेलं नाही, हे तेवढंच खरं. पण येऊन जा. चटणी कुटून ठेवते, डबा प्लास्टिकचा घेतलाय. आणि आलास तर सकाळी ये, त्याच्या समोर बस आणि त्याला काहीतरी विचार, त्याला नको असलेलं. तो 'नको' म्हणेल. आवाज तुझाच आहे, पण आता तो मोठ्या माणसाचा आहे.

शिवलीला